बसऱ्याचा मासेविक्या आणि उंदरांचा हिशेब

इराकमधले बसरा हे कालव्यांचे शहर. बाराशे वर्षांपूर्वी तिथे एक गरीब मुलगा कालव्याकाठी मासे आणि भाकरी विकत असे, असे जुने चरित्रकार सांगतात. नाव अम्र बिन बहर, जन्म सुमारे ७७६ चा. डोळे बटबटीत, म्हणून लोक त्याला ‘जाहिज’ म्हणू लागले. अरबीत या शब्दाचा अर्थच तो. चिडवण्यासाठी ठेवलेले हे नाव पुढे अरबी साहित्यात अजरामर झाले.

वाचनाचे वेड असे, की पुस्तकांची दुकाने रात्रीपुरती भाड्याने घेऊन ते पहाटेपर्यंत वाचत बसत, असे म्हणतात. पुढे ते बगदादला गेले आणि ‘किताब अल-हैवान’ हा प्राण्यांवरचा सात भागांचा ग्रंथ त्यांनी लिहिला. ॲरिस्टॉटलचा त्यांना आदर होता; पण ऐकीव गोष्ट पारखून घेतल्याशिवाय ते मान्य करीत नसत.

या ग्रंथात त्यांनी उंदराची गोष्ट सांगितली आहे. उंदीर आपल्याहून दुबळ्या जिवांना खातो. साप आणि शिकारी पक्षी उंदराला खातात. म्हणून तो पिल्ले बिळात लपवतो. जो शिकार करतो, तोही कुणाची तरी शिकार असतोच. आज शाळेत मुले ‘अन्नसाखळी’ शिकतात, तीच ही.

हे किती मोलाचे आहे, ते साध्या हिशेबाने कळते. घरातली उंदरीण सुमारे वीस दिवसांत विते आणि एका वेळी पाच-सहा पिल्ले सहज होतात. सगळी जगली, तर पृथ्वी पुरणार नाही. पण दाणा संपतो, जागा संपते, रोग येतो, साप येतो. वाढीला लगाम बसतो. उंदीर घटले, की सापही उपाशी राहतो; म्हणजे लगाम दोन्हीकडे. लोट्का आणि व्होल्टेरा यांनी हे नाते गणितात मांडले, ते १९२० च्या दशकात. जाहिज यांच्याकडे गणित नव्हते, नजर होती. या व्यवस्थेत त्यांना निर्मात्याची हिकमत दिसे.

मोठा मासा लहान माशाला खातो, हे त्यांनी दरबारातही पाहिले. ज्या वजीर इब्न अल-झय्यात यांना त्यांनी हा ग्रंथ अर्पण केला, त्यांना ८४७ मध्ये खलिफा मुतवक्किल यांनी हाल करून मारले. जाहिज यांनाही पकडून नेले होते. ते थोडक्यात वाचले.

उतारवयात अर्धांगवायू झाला. ते बसऱ्याला परतले आणि ८६८-६९ च्या सुमारास तिथेच वारले. पुस्तकांची चळत अंगावर कोसळून मृत्यू आला, अशी दंतकथा आहे. खरी असो वा नसो, त्यांना शोभणारी आहे.

शेतात साप दिसला, की आपला हात आधी काठीकडे जातो. काठी उचलण्यापूर्वी बसऱ्याच्या या मासेविक्याची आठवण व्हावी. एक साप मेला, की किती उंदरांचा लगाम सुटतो, याचा हिशेब त्याने कधीच मांडून ठेवला आहे.