झाडांचे डॉक्टर कार्व्हर

आमची शेती कोरडवाहू आहे. वरच्या पट्टीत दरसाल कपाशीच असते. बाबा म्हणतात की ती पट्टी आता थकली. जमीन कशी थकते ते मला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांच्या गोष्टीत कळले. ती गोष्ट आम्हांला गुरुजींनी सांगितली.

कार्व्हर यांचा जन्म १८६४ च्या सुमारास अमेरिकेत मिसुरी राज्यात झाला. त्यांची आई गुलाम होती. जॉर्ज तान्हा असताना चोरांनी मायलेकरांना पळवून नेले. मालकाने एक घोडा देऊन बाळ परत आणले. आई मात्र कधीच सापडली नाही. हे ऐकताना मला रडू आले. जॉर्ज लई अशक्त होता. त्याला शेतातले जड काम झेपत नसे, म्हणून तो झाडांतच रमायचा. शेजारी त्याला झाडांचा डॉक्टर म्हणत. पुढे लोकांचे कपडे धुऊन तो शिकला. एका कॉलेजने तो काळा आहे म्हणून त्याला दारातूनच परत पाठवले. तरी आयोवाच्या शेतकी कॉलेजात त्याने मोठी पदवी मिळवली.

१८९६ साली कार्व्हर अलाबामा राज्यात टस्कीगीच्या शाळेत शिक्षक झाले. तिथेपण आमच्यासारखेच! कापसावर कापूस. जमिनीतला नत्र संपलेला, आणि खत घ्यायला गरिबांकडे पैसे नाहीत. कार्व्हर यांनी चवळी आणि भुईमूग पेरायला सांगितले. या पिकांच्या मुळांवर गाठी असतात. गाठीत बारीक जिवाणू राहतात. ते हवेतला नत्र घेऊन झाडाला देतात. पण वेल उपटून सगळा बाहेर नेला, तर जमिनीला थोडेच मिळते. तो मातीत गाडायचा असतो. १९०६ पासून त्यांची शाळेची घोडागाडी गावोगाव जाऊन शेतकऱ्यांना शिकवू लागली. भुईमुगाचे काय काय करून खायचे, त्याचे १०५ प्रकार त्यांनी १९१६ साली छापले. ५ जानेवारी १९४३ रोजी ते वारले.

मी आजीच्या परसातली एक चवळी उपटून पाहिली. आजी लई रागावली. मुळांवर २३ गाठी निघाल्या. एक फोडली तर आत गुलाबी. गुलाबी म्हणजे गाठ काम करते, असे गुरुजी म्हणाले. बाबांना दाखवले तर ते काहीच बोलले नाहीत. पण यंदा वरच्या पट्टीत त्यांनी चार तास चवळी पेरली. आजी विचारते, कापसाचे पैसे येतात, चवळीचे किती येणार? मला उत्तर आले नाही. शेंगा तोडून झाल्या की वेल गाडायचे आहेत. त्या दिवशी मी शाळा सुटल्यावर पळतच शेतात जाणार आहे.