केशवराव भोसले आणि नाटकांची निवड

गणेशोत्सव दोन महिन्यांवर आला, की जयेंद्रगंजातील आमच्या मंडळाची बैठक भरते आणि यंदा कोणती नाटके बसवायची, यावर वाद रंगतो. वडीलधाऱ्यांना ‘सौभद्र’ हवे असते, पोरांना काही नवे. मी दरबारी गवयाचा मुलगा, गाणे शिकवून पोट भरणारा. माझे मत जुन्या पदांकडे झुकते. गतवर्षी माझ्याच एका विद्यार्थिनीने लिहिलेले नाटक माझ्या एका मताने मागे पडले. तेव्हापासून कै. केशवराव भोसले यांची आठवण मला स्वस्थ बसू देत नाही.

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात झाला. लहानपणीच ते स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत आले. शाळेशी संबंध बेताचाच. पण देवलांच्या ‘शारदा’ नाटकातील शारदेने पोरवयातच त्यांचे नाव गावोगाव नेले. १ जानेवारी १९०८ रोजी, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांनी हुबळीस ‘ललितकलादर्श’ मंडळी काढली. त्यांना तालीम मिळाली ती रामकृष्णबुवा वझे यांची. बुवा आमच्या ग्वाल्हेरीस येऊन निसार हुसेन खाँसाहेबांपाशी शिकले होते. म्हणजे इथल्या गाण्याचा अंश केशवरावांच्या गळ्यातूनही महाराष्ट्रभर फिरला.

नाटक मंडळी म्हणजे मोठे बिऱ्हाड. नट, साथीदार, आचारी, पडद्यांचे सामान, गावोगावचा प्रवास; हा सारा खर्च तिकिटांतूनच निघायचा. असा गळा लाभलेल्या मालकाला जन्मभर जुनीच संगीत नाटके पुरली असती. केशवरावांनी ती सोडली नाहीत, पण तेवढ्यावर थांबलेही नाहीत. १९१२ साली हिराबाई पेडणेकर या गायिकेचे ‘दामिनी’ त्यांच्या मंडळीने रंगभूमीवर आणले. बाईने नाटक लिहावे हेच तेव्हा अनेकांना रुचत नव्हते. १९१६ साली मामा वरेरकरांचे ‘हाच मुलाचा बाप’ त्यांनी घेतले. ते हुंड्याच्या चालीवर होते, आणि समोर बसणाऱ्यांत हुंडा घेणारे काही कमी नसत. १९१९ साली वरेरकरांचेच ‘संन्याशाचा संसार’ आले. त्यात धर्मांतराचा अवघड प्रश्न होता.

८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत संयुक्त ‘मानापमान’ झाले. बालगंधर्वांची भामिनी आणि केशवरावांचा धैर्यधर. स्पर्धक मंडळीच्या गाजलेल्या नाटकात उतरण्यास मन मोठेच लागते. त्यानंतर तीन महिन्यांतच, ४ ऑक्टोबर रोजी, विषमज्वराने त्यांना नेले. वय अवघे एकतीस. मंडळी मात्र बापूराव पेंढारकरांनी सांभाळली आणि १९२२ साली वरेरकरांचे ‘सत्तेचे गुलाम’ लावून निवडीचा तोच कित्ता गिरवला.

कोल्हापूरचे १९१५ सालचे पॅलेस थिएटर पुढे केशवरावांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते आगीत सापडले. ती बातमी वाचून आमच्या घरात कोणाला जेवण गोड लागले नाही. वास्तू पुन्हा उभारता येते. नवे नाटक निवडण्याची छाती मात्र ज्याची त्यालाच कमवावी लागते.

यंदाची बैठक येत्या रविवारी आहे. ‘सौभद्र’ होईलच, आणि व्हावेही. दुसऱ्या रात्रीसाठी मात्र त्या मुलीकडून तिची वही मी परत मागून आणली आहे.