कीर्तनानंदी श्रीनामदेवराय

कार्तिक शुद्ध एकादशी ही श्रीनामदेवरायांची जयंती आणि आषाढ वद्य त्रयोदशी ही त्यांची पुण्यतिथी. हे दोन्ही दिवस नामदेव शिंपी समाजात घरोघर भक्तिभावाने पाळले जातात. तथापि महाराजांच्या चरित्राचे मर्म जो कीर्तनानंद, त्याविषयी आपण क्वचितच विचार करतो. संसार सुरळीत चालला म्हणजे भजनास रंग चढतो आणि दुःख आले म्हणजे टाळ खुंटीस लागतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे. नामदेवरायांचे जीवन याच्या अगदी उलट आहे.

परंपरेनुसार महाराजांचा जन्म शके ११९२, म्हणजे इ.स. १२७० मधला. पिता दामाशेटी, माता गोणाई, पत्नी राजाई. घराण्याचा धंदा कापड शिवण्याचा; परंतु बालपणापासून त्यांचे चित्त विठ्ठलचरणी जडले होते. प्रारंभी हा आनंद पंढरीच्या मूर्तीपुरताच मर्यादित होता. संतमेळाव्यात गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन एकेका संताच्या मस्तकावर मारून पाहिले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरविले, ही कथा सर्वश्रुत आहे. हा अपमान त्यांना झोंबला. पण त्यातूनच ते औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांना शरण गेले. सर्व चराचरात तोच परमात्मा आहे, हा बोध तेथे झाला आणि राउळातील आनंद विश्वव्यापी झाला.

त्याच औंढ्यास देवळापुढे कीर्तन करण्यास मज्जाव झाला, तेव्हा महाराज वाद न घालता देवळाच्या मागे जाऊन कीर्तन करू लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी आख्यायिका आहे. कोणी ती अक्षरशः मानो वा न मानो. मानहानीनेही ज्याचे स्तवन थांबत नाही त्याच्याकडे देवास वळावे लागते, हा तिचा आशय निःसंशय आहे.

याहून कठीण कसोटी पुढे आली. इ.स. १२९६ मध्ये ज्ञानेश्वर महाराजांनी आळंदीस समाधी घेतली. त्यानंतर अल्पावधीतच सोपानदेव, मुक्ताबाई व निवृत्तिनाथ हेही गेले. आपल्या चोपडे तालुक्याच्या दक्षिणेने वाहणाऱ्या तापीच्याच वरच्या अंगास असलेल्या मेहूण येथे इ.स. १२९७ मध्ये आदिशक्ती मुक्ताबाई अंतर्धान पावल्या. ज्यांच्यासह तीर्थयात्रा केली, ती चारही भावंडे नाहीशी झाली. त्या वेळी महाराजांचे वय अवघे सव्वीस-सत्तावीस वर्षांचे होते. त्यांनी तो शोक आपल्या अभंगांतून उघडपणे गायिला. अश्रू लपविले नाहीत आणि वीणाही खाली ठेविली नाही.

पुढे हेच कीर्तन घेऊन ते उत्तरेस गेले. पंजाबात गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे त्यांनी दीर्घकाळ वास्तव्य केले. इ.स. १६०४ मध्ये गुरू अर्जुनदेवांनी सिद्ध केलेल्या शिखांच्या आदिग्रंथात त्यांची पदे समाविष्ट झाली. गुरुग्रंथसाहिबात त्यांची एकसष्ट पदे असून ती आजही गुरुद्वारांत गायिली जातात. याच नात्याने इ.स. २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमान येथे भरले.

इ.स. १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा गेले. तेव्हा वृद्ध नामदेवरायांनी स्वतः तेथे जाऊन त्यांच्या अस्थी पंढरीस आणल्या व महाद्वारासमोर समाधी बांधली. जिवंतपणी ज्यांस राउळात प्रवेश नव्हता, त्यांस त्यांनी देवाच्या दारी स्थान दिले. शके १२७२, इ.स. १३५० मध्ये महाराजांनी स्वतःही त्याच महाद्वारी पायरीखाली समाधी घेतली, ती भक्तांची चरणधूळ मस्तकी पडावी म्हणून.

समाजबांधवहो, नामदेवराय आपले कुलभूषण खरे. पण त्यांचा आनंद केवळ आपल्या ज्ञातीचा नव्हता. जयंतीची पालखी थाटाने निघावी, यात शंका नाही. परंतु ज्या घरी नुकतेच दुःख झाले आहे, तेथेही आपले भजन जावे, आणि शेजारी उभा असलेला कोणत्या ज्ञातीचा हे न पाहता त्याच्या हाती टाळ द्यावा. सायंकाळी दिवेलागणीस मुलाबाळांसह घटकाभर नामस्मरण झाले, तरी महाराजांचा वारसा त्या घरात नांदतो आहे असे समजावे.