वेण्णेच्या पात्रातील जीवशास्त्र

पुण्यात गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था आहे. नावांतील साधर्म्यामुळे ही संस्था ‘सुधारक’कार आगरकरांची असावी, असा समज सहज होऊ शकतो. प्रत्यक्षात तिला नाव आहे ते वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचे.

१८ नोव्हेंबर १८८४ रोजी मालवण येथे जन्मलेले आघारकर मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकले आणि पुढे तेथेच जीवशास्त्र शिकवू लागले. त्या काळी विषयाची पाठ्यपुस्तके विलायतेतून येत. त्यांतील झाडे आणि प्राणीही बहुधा तिकडचेच असत. आघारकर मात्र नमुने गोळा करण्यासाठी सह्याद्रीत हिंडत. सातारा भागातील नद्यांमध्ये त्यांना गोड्या पाण्यातील जेलीफिश आढळला. कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधील प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी १९११ मध्ये ‘लिम्नोक्निडा इंडिका’ या नावाने त्याची नोंद केली. या प्रजातीचे भाईबंद तोवर केवळ आफ्रिकेतील टांगानिका सरोवरासारख्या जलाशयांतून ठाऊक होते. मग वेण्णा-कोयनेत ते आले कसे? आघारकरांनी भारत आणि आफ्रिका एकेकाळी भूभागाने जोडलेले असावेत, या दिशेने विचार मांडला. जर्मनीत आल्फ्रेड वेगेनर यांनी खंड सरकत असल्याची कल्पना प्रथम मांडली, तीही १९१२ मध्येच. त्याच वर्षी म्युझियमचे एफ. एच. ग्रेव्हली यांच्यासह आघारकरांनी या जेलीफिशच्या सवयी आणि आढळ यांवर निबंध प्रसिद्ध केला.

जेलीफिशचा वर्ग, त्याच्या पेशी आणि जीवनचक्र हे सारे आज चिंचवड-आकुर्डीच्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्राच्या प्रारंभीच्या अभ्यासाचा भाग आहे. बरणीतील नमुना पाहून आकृती काढली की पुष्कळदा तो धडा संपतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राणिविच्छेदन कमी करण्याचे आणि २०१४ मध्ये ते बंद करण्याचे धोरण स्वीकारल्यानंतर तर विद्यार्थ्याच्या हाताला जिवंत विषय लागण्याचे एक दार मिटले. ते मिटले ते योग्यच. पण त्याच्या जागी नदीकाठचे निरीक्षण आले पाहिजे होते. ते फारसे आलेले नाही. चिंचवडकरांच्या पवनेचा उगमही सह्याद्रीतच आहे, हे येथे सहज आठवते.

कोलकाता विद्यापीठाने रासबिहारी घोष अध्यासनासाठी निवड करून आघारकरांना परदेशी अध्ययनासाठी पाठविले. ते जर्मनीत असतानाच १९१४ चे महायुद्ध पेटले आणि ब्रिटिश प्रजाजन म्हणून त्यांना स्थानबद्ध व्हावे लागले. त्याच विद्यापीठाचे पदार्थवैज्ञानिक देवेंद्रमोहन बोस हेही तेव्हा बर्लिनमध्येच अडकले होते. एवढे होऊनही आघारकरांनी वायव्य भारतातील कोरड्या प्रदेशांतील वनस्पतींचा प्रसार आणि उगम यांवर प्रबंध लिहून बर्लिनची डॉक्टरेट मिळविली. १९२० मध्ये ते परतले आणि १९४६ पर्यंत कोलकात्यात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक राहिले. या काळात नेपाळ व हिमालयातील वनस्पतींचा संग्रहही त्यांनी केला. प्राणिशास्त्रातून नाव मिळालेल्या माणसाने वनस्पतींत आयुष्य घालविले, यात त्यांना विसंगती वाटली नसावी. दोन्हीकडे प्रश्न एकच होता: हा जीव येथे आला कसा?

निवृत्तीनंतर विश्रांती घेण्याऐवजी त्यांनी पुण्यात ‘महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ ही संस्था १९४६ मध्ये उभी केली. नाव थेट कोलकात्याच्या १८७६ च्या संस्थेची आठवण देणारे. पुणे विद्यापीठ स्थापन होण्यास तेव्हा अजून तीन वर्षे होती. महाराष्ट्रातील तरुणाला संशोधनासाठी दूर जावे लागू नये, ही निकड खरी होती. संस्थापक-संचालक या नात्याने आघारकर अखेरपर्यंत तेथे राबले. २ सप्टेंबर १९६० रोजी त्यांचे निधन झाले.

संस्थेला त्यांचे नाव मिळाले १९९२ मध्ये. बारामती तालुक्यातील होळ येथील तिच्या प्रक्षेत्रावर गहू व सोयाबीनच्या वाणांचे काम चालते आणि त्या वाणांच्या नावापुढे आजही ‘एमएसीएस’ ही अक्षरे लागतात.