विश्लेषण : शहरासाठी ठेवलेला पैसा २०० वर्षे टिकला, पण अट टिकली नाही! बेंजामिन फ्रँकलिन यांच्या दानातून काय शिकायचे?

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे आणि पतंगाच्या प्रयोगामुळे शाळकरी मुलांनाही ठाऊक असलेले बेंजामिन फ्रँकलिन यांचे १७ एप्रिल १७९० रोजी निधन झाले. त्यांनी बोस्टन आणि फिलाडेल्फिया या शहरांसाठी प्रत्येकी १,००० पौंड मागे ठेवले होते. या पैशाचे शेवटचे वाटप झाले ते १९९० नंतर. मधल्या २०० वर्षांत रक्कम वाढत गेली, पण ती ज्यांच्यासाठी ठेवली होती, तसे लोकच शहरात उरले नाहीत. आज जगभरात चालणारी कम्युनिटी फाउंडेशन नेमकी हीच अडचण सोडवू पाहतात. ती कशी, हे फ्रँकलिन यांच्या आयुष्यातून समजून घेऊ.

फ्रँकलिन कोण होते?

१७०६ मध्ये बोस्टनमध्ये साबण आणि मेणबत्त्या बनवणाऱ्या कारागिराच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडिलांची १७ अपत्ये, त्यातले हे पंधरावे. शाळा जेमतेम दोन वर्षे मिळाली. बाराव्या वर्षी थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी सुरू झाली. भावाशी पटेना, तेव्हा सतराव्या वर्षी ते घर सोडून फिलाडेल्फियाला पळाले. पुढे स्वतःचा छापखाना काढला, तेव्हा भागीदाराकडून ठरलेले पैसे आले नाहीत आणि धंदा बुडायची वेळ आली. दोन मित्रांनी कर्ज दिले म्हणून तो वाचला. ही मदत ते आयुष्यभर विसरले नाहीत. १७४८ मध्ये, वयाच्या ४२व्या वर्षी, त्यांनी छपाईच्या रोजच्या कामातून अंग काढून घेतले आणि उरलेला वेळ विज्ञान व सार्वजनिक कामाला दिला.

लोकवर्गणीतून काय उभे राहिले?

१७२७ मध्ये फ्रँकलिन यांनी जंटो नावाचे मित्रमंडळ सुरू केले. बहुतेक सभासद कारागीर आणि छोटे व्यावसायिक. दर शुक्रवारी संध्याकाळी जमायचे, शहरात काय कमी आहे यावर बोलायचे आणि त्यातून एखादे काम हाती घ्यायचे, असा रिवाज. पुस्तके महाग होती, एकट्याला परवडत नव्हती. म्हणून १७३१ मध्ये वर्गणीचे वाचनालय निघाले. सुरुवातीला ५० सभासद, प्रत्येकाचे ४० शिलिंग आणि नंतर दरवर्षी १० शिलिंग. १७३६ मध्ये शहरातील स्वयंसेवकांचे अग्निशमन पथक तयार झाले. प्रत्येक सभासदाने आपल्या घरी कातडी बादल्या तयार ठेवायच्या, असा नियम होता. १७४९ मध्ये त्यांनी ज्या शिक्षणसंस्थेचा आराखडा मांडला, तिचे पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ झाले.

रुग्णालयाचे पैसे कसे जमले?

गरीब आजाऱ्यांसाठी रुग्णालय असावे ही कल्पना डॉ. थॉमस बाँड यांची होती. वर्गणी पुरेशी जमत नव्हती आणि प्रांताच्या विधिमंडळातील ग्रामीण भागाचे सदस्य म्हणत होते, फायदा शहराचा, मग पैसे सगळ्यांनी का द्यायचे? फ्रँकलिन यांनी १७५१ मध्ये तोडगा काढला. लोकांनी आधी २,००० पौंड जमवावेत, तरच सरकारने तेवढेच द्यावेत, असे विधेयक त्यांनी मांडले. एवढी रक्कम जमणार नाही, मग फुकटात दानशूर म्हणवून घेता येईल, असे समजून विरोधकांनीही हात वर केले. दुसरीकडे, आपण दिलेला प्रत्येक पौंड दुप्पट होणार म्हटल्यावर दात्यांना हुरूप आला. २,००० पेक्षा जास्तच पौंड जमले आणि रुग्णालय उभे राहिले. जेवढी लोकवर्गणी तेवढे अनुदान, ही पद्धत आजही जगभर वापरली जाते.

वर्गणी मागण्याबाबतही त्यांचा एक सल्ला प्रसिद्ध आहे. जे नक्की देतील त्यांच्याकडे आधी जा. मग ज्यांची खात्री नाही त्यांच्याकडे जा आणि त्यांना देणाऱ्यांची यादी दाखवा. जे देणारच नाहीत असे वाटते त्यांनाही वगळू नका, कारण आपला अंदाज चुकू शकतो.

मृत्युपत्रात काय होते?

फ्रँकलिन यांची मते आयुष्यभर सारखी राहिली नाहीत. त्यांच्या घरी गुलाम होते, त्यांच्या वृत्तपत्रात गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापल्या जात. तेच फ्रँकलिन १७८७ मध्ये गुलामगिरीविरोधी संस्थेचे अध्यक्ष झाले. जिवंत माणूस असे मत बदलू शकतो, मृत्युपत्राला मात्र ते शक्य नसते.

१७८९ मध्ये त्यांनी मृत्युपत्राला पुरवणी जोडली. दोन्ही शहरांना दिलेल्या पैशातून तरुण कारागिरांना धंद्यासाठी कर्ज द्यायचे होते. कर्जदार विवाहित आणि २५ वर्षांच्या आतला असावा, त्याने उमेदवारी पूर्ण केलेली असावी आणि दोन चांगल्या नागरिकांनी त्याला जामीन राहावे. कर्ज १५ ते ६० पौंड, व्याज ५ टक्के आणि दरवर्षी मुद्दलाचा दहावा हिस्सा परत. १०० वर्षांत १,००० पौंडांचे १,३१,००० होतील, असा त्यांचा हिशेब होता. त्यातले १ लाख सार्वजनिक कामांवर खर्च करून उरलेले आणखी १०० वर्षे वाढवायचे होते.

योजना कुठे अडली?

कारखाने आले आणि उस्तादाच्या हाताखाली उमेदवारी करण्याची रीत मोडली. अटीत बसणारे तरुण मिळेनासे झाले, जामीनदार मिळणेही अवघड झाले. काही कर्जे बुडाली. दोन्ही शहरांत रक्कम फ्रँकलिन यांच्या हिशेबाप्रमाणे वाढली नाही, कारण तो हिशेब सगळा पैसा सतत कर्जाऊ राहील असे धरून केलेला होता.

कम्युनिटी फाउंडेशनने काय बदलले?

अशा कालबाह्य अटींत अडकलेली दाने अनेक शहरांत पडून होती. क्लीव्हलँडचे वकील आणि बँकर फ्रेडरिक गॉफ यांनी त्यावर १९१४ मध्ये उपाय काढला. क्लीव्हलँड फाउंडेशन ही या प्रकारची पहिली संस्था मानली जाते.

तिची रचना सोपी आहे. शहरातील लहानमोठे दाते एकाच संस्थेत पैसे ठेवतात. मुद्दल गुंतवलेले राहते आणि उत्पन्नातून शाळा, दवाखाने, वृद्धांची काळजी, शिष्यवृत्त्या अशा कामांना अनुदान मिळते. कोणाला द्यायचे हे शहर ओळखणारी स्थानिक समिती ठरवते. दाता आपल्या आवडीचे काम सांगू शकतो. पण ते काम कालबाह्य झाले, तर मूळ हेतूला धरून पैसा दुसरीकडे वळवण्याचा अधिकार समितीला असतो. फ्रँकलिन यांच्या पुरवणीत कमी होती ती हीच तरतूद.

यात धोका नाही असे नाही. समितीला जे दिसत नाहीत, त्यांच्यापर्यंत पैसा पोहोचत नाही. म्हणून समितीवर कोण आहे आणि हिशेब लोकांसमोर येतो का, हे दात्यांनी विचारायलाच हवे.

त्या पैशाचे शेवटी काय झाले?

१०० वर्षांनंतरच्या वाटपातून बोस्टनमध्ये तंत्रशिक्षणाची शाळा निघाली, ती १९०८ मध्ये सुरू झाली. १९९० मध्ये मुदत संपली, तेव्हा फिलाडेल्फियाच्या निधीत सुमारे २० लाख डॉलर होते, तर बोस्टनच्या निधीत त्याच्या दुपटीहून जास्त. बोस्टनचा पैसा अखेर त्याच तंत्रशिक्षण संस्थेकडे गेला. फिलाडेल्फियात शहराच्या वाट्यातून हातकामाचे व्यवसाय शिकू पाहणाऱ्या मुलांसाठी शिष्यवृत्त्या ठेवल्या गेल्या आणि त्या चालवण्याचे काम तिथल्या कम्युनिटी फाउंडेशनकडे आले.

हातात कसब असलेल्या तरुणाला पहिला आधार मिळावा, एवढीच फ्रँकलिन यांची इच्छा होती. ती पुरी झाली, पण त्यासाठी त्यांनी घातलेल्या अटी बाजूला ठेवाव्या लागल्या. आई-वडिलांच्या नावाने गावाला देणगी देताना म्हणूनच दोन गोष्टी लिहून ठेवाव्यात. हा पैसा कशासाठी आहे ही पहिली. आणि ते काम उरले नाही, तर निर्णय कोणी घ्यायचा ही दुसरी.