रेसमध्ये भाऊ गेला, तरी तेलाचे शॉकअप लावून लुई रेनॉची गाडी पुन्हा रेसमध्ये उतरली

गाडी खड्ड्यात आदळते, एकदा हलते आणि लगेच स्थिर होते. ही कमाल शॉक अ‍ॅब्सॉर्बरची, म्हणजे गॅरेजवाल्यांच्या भाषेतल्या शॉकअपची.

सव्वाशे वर्षांपूर्वी बहुतेक मोटारींना शॉकअप नव्हतेच. खाली नुसते पोलादी पाटे. खड्डा मागे पडला तरी गाडी उड्या मारतच राहायची. वेगात चाकं जमीन सोडायची आणि चाक हवेत गेलं की ना स्टेअरिंग ऐकायचं, ना ब्रेक.

यावर सुरुवातीच्या काळात तेलाचा उपाय करणाऱ्यांपैकी एक होता फ्रान्सचा लुई रेनॉ.

लुईचा जन्म १८७७ चा, पॅरिसमधल्या सुखवस्तू घरातला. पोराला वेड यंत्रांचं. १८९८ मध्ये, वयाच्या २१ व्या वर्षी त्याने स्वतःची गाडी बनवली आणि नाताळच्या आदल्या रात्री ती पॅरिसच्या ल्युपिक रस्त्याच्या चढावर चढवून दाखवली. त्याच रात्री १२ ऑर्डरी मिळाल्या. पुढच्या वर्षी भाऊ मार्सेल आणि फर्नांड यांच्यासोबत कंपनी उभी राहिली.

तेव्हा गाडी खपवायची तर रेस जिंकायला लागायची. लुई आणि मार्सेल स्वतःच गाड्या चालवायचे. मे १९०३ मध्ये पॅरिस-माद्रिद रेसला दोघंही निघाले. वाटेत मार्सेलची गाडी उलटली आणि त्यातच तो गेला. इतके अपघात झाले की सरकारने रेस बोर्दोलाच थांबवली. लुईने रेसिंग सोडलं.

पण कंपनी परत उतरली. १९०६ ला ले माँजवळ पहिली फ्रेंच ग्राँप्री होती. दोन दिवस आणि सुमारे १२३८ किलोमीटर. स्टेअरिंगवर होता लुईचा जुना मेकॅनिक, हंगेरीचा फेरेंत्स सिस. गाडीला तेलाचे शॉकअप होते.

त्यांचं तत्त्व सोपं आहे. तेल भरलेल्या नळीत दट्ट्या असतो. चाक वरखाली झालं की दट्ट्या तेलाला बारीक वाटेतून ढकलतो. तेल सहजासहजी जात नाही, त्यामुळे उसळी तिथेच मरते. धक्क्याची ताकद तेल गरम करण्यात संपते.

याहून कडक परीक्षा घरच्या कारखान्यात झाली नसती. उन्हाने डांबर वितळलं होतं, रस्ता उखडत होता. तरीही सिस ३२ मिनिटांच्या फरकाने जिंकला. जिंकण्याचं मोठं श्रेय झटपट बदलता येणाऱ्या मिशेलिनच्या रिमला जातं. पण ताशी १०० किलोमीटरच्या सरासरीने तो रस्ता शॉकअपनेही पार केला होता.

पहिल्या महायुद्धात रेनॉच्या टॅक्सींनी सैनिक आघाडीवर नेले आणि लुई फ्रान्सचा हिरो झाला. दुसऱ्या महायुद्धात मात्र त्याचे कारखाने जर्मनांसाठी चालले. सप्टेंबर १९४४ मध्ये त्याला अटक झाली आणि खटला उभा राहण्याआधीच २४ ऑक्टोबरला तो वारला. जानेवारी १९४५ मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली.

तो दोषी होता का, यावर फ्रान्समध्ये वाद झडत राहिले. तेलाचे शॉकअप मात्र आज जवळपास प्रत्येक गाडीखाली आहेत.