हरवलेल्या पुतळ्यांचा शिल्पकार

आमच्या ग्रंथालयातले शिल्पकलेवरचे एक जाडजूड पुस्तक चाळताना मी एका चित्रापाशी अडखळलो. खाली नाव होते ग्रीक शिल्पकार लिसिपॉसचे. हा तर ब्राँझचे पुतळे ओतणारा. मग चित्रातला तरुण मल्ल संगमरवरी कसा? या कोड्यामागे लागून मी त्याचे चरित्र वाचले.

लिसिपॉस इ. स. पूर्व चौथ्या शतकातला, सिक्यॉन नगरीचा. आरंभी तो साधा तांबट होता. त्याला कोणी गुरू नव्हता, असे सांगतात. जुन्यांपैकी कोणाला अनुसरावे, असे युपॉम्पस या चित्रकाराला कोणी विचारले, तेव्हा त्याने समोरच्या गर्दीकडे बोट दाखवून निसर्गालाच गुरू करावे, असे सुचवले. त्यावरून या तांबटाला धीर आला. पुढे त्याने जुनी प्रमाणे बदलली. डोके लहान, अंग सडपातळ. त्यामुळे आकृती उंच भासे. आपला ब्राँझचा पुतळा त्यानेच घडवावा, असा दंडक अलेक्झांडरने घातला. प्रत्येक कामामागे तो एक सुवर्णनाणे बाजूला टाकी. मृत्यूनंतर ती १५०० भरली, अशी कथा प्लिनीने नोंदवली आहे.

अंगावरचे तेल-धूळ खरवडणाऱ्या मल्लाचा त्याचा पुतळा अग्रिपाने रोममध्ये आपल्या स्नानगृहापुढे उभारला. सम्राट टायबेरियसने तो उचलून स्वतःच्या शयनगृहात नेला. पण लोकांनी नाट्यगृहात असा गलका केला की, सम्राटाला तो परत ठेवावा लागला. हा मूळ पुतळा पुढे नाहीसा झाला. १८४९ साली रोममध्ये त्याची संगमरवरी प्रतिकृती सापडली. ती आज व्हॅटिकनमध्ये आहे. मी चित्रात पाहिली ती हीच!

दक्षिण इटलीतल्या टॅरेंटम नगरीसाठी त्याने हेराक्लीसचा प्रचंड पुतळा घडवला होता. इ. स. पूर्व २०९ मध्ये ते शहर जिंकून फेबियस मॅक्सिमसने तो रोमला नेला. पुढे तो कॉन्स्टंटिनोपलला गेला. १२०४ साली धर्मयोद्ध्यांनी ते शहर लुटले आणि पुतळा वितळवून त्याची नाणी पाडली.

ब्राँझला बाजारात भाव होता, हाच या पुतळ्यांचा घात. निर्विवादपणे लिसिपॉसच्या हातचा म्हणावा असा एकही पुतळा आज उरलेला नाही. मात्र मित्रहो, मला राहून राहून आठवतो तो रोमच्या नाट्यगृहातला गलका. ज्या गर्दीकडे बोट दाखवल्यामुळे एक तांबट शिल्पकार झाला, तशाच एका गर्दीने त्याचा पुतळा सम्राटाकडून परत मिळवला.